अम्मीच्या रिपोर्टवरचा ‘आर’

रमजान ईद होऊन आठच दिवस झाले होते. सकाळी सकाळी पालीहून भाईजानचा फोन आला. ‘‘अम्मीला रात्रीपासून थंडी वाजून ताप आहे. दोन रजया घातल्या तरी हुडहुडी थांबत नाही. बोलतेही विचित्र. तू बीडच्या दवाखान्यात नंबर लाव, मी घेऊन निघतो.’’

पाली हे माझं माहेर. बीडहून सोलापूरकडे निघालं की थोड्याच वेळात लागतं. बिंदुसरा तलावाचं गाव म्हणून बीडचे लोक ओळखतात. अम्मीचं वय सत्तरच्या पुढे, शुगर जुनी. पण ती आजारी पडून गाडीत आडवी आलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

डॉक्टरांनी तपासलं, लघवीचा आणि रक्ताचा नमुना घेतला, सलाईन लावलं, इंजेक्शन सुरू केलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘ताई, याआधी मावशींनी कोणकोणत्या गोळ्या घेतल्या?’’

मी भाईजानकडे पाहिलं, भाईजाननं भाभीकडे. भाभीनं पिशवीतून एक प्लास्टिकचा डबा काढला. त्यात अर्ध्या-मुर्ध्या पट्ट्यांचा ढीग होता. हळूहळू सगळं बाहेर आलं. गेले तीन महिने अम्मीला लघवीला जळजळ होत होती. लाजेपोटी ती कुणाला बोलली नाही. पहिल्यांदा नातवाला मेडिकलवर पाठवून गोळ्या मागवल्या, तीन खाल्ल्या, बरं वाटलं, बंद केल्या. महिन्यानं पुन्हा त्रास झाला, तेव्हा उरलेल्या खाल्ल्या. तिसऱ्यांदा शेजारच्या खालाला ज्या गोळ्यांनी गुण आला होता, त्या घेतल्या. नंतर शुद्धीवर आल्यावर मी तिच्यावर रागावले, तर म्हणाली, ‘‘आराम पड्या तो फिर गोली कायको खाना, बेटा?’’

आपल्यापैकी किती घरांत हाच प्रश्न याच भाषेत विचारला जातो!

दोन दिवसांचा अंदाज

पहिले दोन दिवस ताप उतरला नाही. इंजेक्शन चालू होतं, भारीचं होतं, तरी काट्यावर काटा १०२, १०३. मला वाटलं, दवाखाना बदलावा. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून एक कागद आला. वर लिहिलं होतं ‘ई. कोलाय’. खाली पंधरा-सोळा औषधांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक अक्षर. काहींपुढे ‘एस’, बहुतेकांपुढे ‘आर’. मेडिकलवरून आणलेल्या दोन्ही गोळ्यांपुढे ‘आर’. दोन दिवस चालू असलेल्या इंजेक्शनपुढेही ‘आर’.

डॉक्टरांनी त्याच तासाला औषध बदललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अम्मीनं चहा मागितला.

त्या दोन दिवसांबद्दल मी डॉक्टरांना दोष देत नाही. नमुना आल्याबरोबर उत्तर मिळत नाही. प्रयोगशाळेत लघवीचा थेंब खळीसारख्या एका थरावर पसरतात आणि ताटली शरीराइतक्या उबेत रात्रभर ठेवतात. जंतू वाढून ठिपके दिसू लागले की ते कोणते आहेत ते ओळखतात. मग त्याच जंतूंचा थर दुसऱ्या ताटलीवर देऊन त्यावर औषधं मुरवलेल्या कागदाच्या लहान टिकल्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाहतात. टिकलीभोवती पुरेसं मोठं स्वच्छ वर्तुळ पडलं, तर ते औषध या जंतूला मारतं, म्हणजे ‘एस’. जंतू टिकलीच्या कडेपर्यंत बिनधास्त वाढले, तर ‘आर’, म्हणजे हा जंतू या औषधाला दाद देत नाही. या तपासणीला कल्चर म्हणतात. मोठ्या प्रयोगशाळांत आता यंत्रंही हे काम करतात, पण तरीही एक-दोन दिवस जातातच.

तोवर रुग्णाला बिनऔषधाचं ठेवता येत नाही. डॉक्टरांना अंदाजानं औषध निवडावं लागतं. हा अंदाज बरोबर आला तर रुग्ण पहिल्या दिवसापासून सुधारतो. चुकला तर दोन दिवस हातचे जातात. वृद्ध माणसाच्या, बाळंतिणीच्या किंवा नवजात बाळाच्या रक्तात जंतू उतरले असतील, तर ते दोन दिवस जिवावर बेततात.

मग हा अंदाज चांगला कसा होईल? त्याचं उत्तर एकाच शब्दात आहे: नोंद. आपल्या दवाखान्यात, आपल्या जिल्ह्यात, गेल्या वर्षी या जंतूच्या शंभर नमुन्यांपैकी किती जणांनी कोणत्या औषधाला दाद दिली, हे लिहून ठेवलेलं असेल, तर डॉक्टर अंधारात तीर मारत नाहीत. अम्मीचा रिपोर्ट तिच्या एकटीच्या कामाचा होता. तसे हजार रिपोर्ट एका वहीत आले की ते सगळ्या गावाच्या कामाचे होतात.

बगदादचं मांस आणि सेवाग्रामची वही

ही बुद्धी नवी नाही. हकीम अबू बक्र अल्-राझी यांचं नाव आपण ऐकलेलं असतं. बगदादमध्ये इस्पितळासाठी जागा निवडायची होती, तेव्हा त्यांनी शहराच्या निरनिराळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगायला लावले आणि जिथे मांस सर्वांत उशिरा सडलं ती जागा निवडली, असं जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे. जंतू हा शब्दही माहीत नसण्याचा तो काळ, हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा. पण पद्धत आजच्यासारखीच: अनेक ठिकाणी एकच तपासणी करा, फरक नोंदवा, मग निर्णय घ्या.

आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०१३ मध्ये मोठ्या रुग्णालयांचं असं एक जाळं उभं केलं. महाराष्ट्रातून सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, पुण्याचं सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचं हिंदुजा रुग्णालय ही त्यातली ठिकाणं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं वैद्यकीय महाविद्यालयांचं दुसरं जाळं आहे. पुण्याचं बी. जे. मेडिकल त्यात आहे. सगळीकडे तपासणीची पद्धत एकच ठेवायची, जंतूंचे नमुने जपायचे आणि वर्षाच्या शेवटी आकडे एकत्र मांडायचे, असं हे काम चालतं.

हे आकडे सुखाचे नाहीत. इमिपेनेम हे शेवटच्या फळीतलं इंजेक्शन. बाकीची औषधं हरली की डॉक्टर त्याच्याकडे वळतात. आयसीएमआरच्या अहवालांनुसार २०१७ मध्ये ई. कोलायचे शंभरातले सुमारे ८१ नमुने या औषधाला दाद देत होते. २०२३ मध्ये ते सुमारे ६३ वर आले. न्यूमोनिया आणि रक्तातला संसर्ग करणारा क्लेबसिएला नावाचा जंतू आहे. त्याच्या बाबतीत हाच आकडा सुमारे ५८ वरून ३६ च्या आसपास उतरला. सहा वर्षांतली ही घसरण आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे नमुने मोठ्या रुग्णालयांतले आहेत. तिथे आधीच चार ठिकाणी फिरून, चार औषधं घेऊन आलेले गंभीर रुग्ण जास्त असतात. त्यामुळे पालीत पहिल्यांदाच जळजळ झालेल्या बाईच्या लघवीतला जंतूही इतकाच हट्टी असेल, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. बहुतेक वेळा साधी औषधंही चालतात. पण दुसरी बाजूही खरी आहे. खेड्यातल्या, तांड्यावरच्या, उसाच्या फडातल्या रुग्णांचे नमुने या वहीत क्वचितच पोचतात. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बाया सहा-सहा महिने फडावर राहतात. शौचालय नाही, पाणी कमी, लघवी दाबून धरायची, त्रास झाला की जवळच्या दुकानातून गोळी घ्यायची. त्यांच्या अंगातला जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, हे कोण लिहून ठेवतं?

आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ‘ग्रामीण’ हा शब्द ज्याच्या नावातच आहे, अशा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपर्यंत खेड्यातला नमुना पोचणं, ही आपली खरी गरज आहे.

नावावरून उठलेलं वादळ

नोंद ठेवणं वेगळं आणि ती चारचौघांत मांडणं वेगळं. दुसऱ्याला धाडस लागतं.

२००८ मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत एक विलक्षण जंतू सापडला. त्याच्याकडे शेवटच्या फळीतली औषधं फोडून टाकणारं एक द्रव्य होतं. हा रुग्ण त्याआधी नवी दिल्लीत दवाखान्यात दाखल होता, म्हणून त्या द्रव्याच्या नावात ‘न्यू दिल्ली’ आलं: एनडीएम-१. पुढे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांचे हट्टी जंतू तपासले. २४ पैकी २२ नमुन्यांत एनडीएम-१ निघालं. त्यांनी ते झाकून ठेवलं नाही. मार्च २०१० मध्ये भारतीय डॉक्टरांच्याच एका नियतकालिकात छापलं. त्याच अंकात चेन्नईचे डॉ. अब्दुल गफूर यांनी संपादकीय लिहिलं. त्याचं शीर्षकच प्रतिजैविकांचा मृत्युलेख असं होतं.

ऑगस्ट २०१० मध्ये परदेशी नियतकालिकात मोठा लेख आला आणि वादळ उठलं. देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा कट, अशी टीका झाली. राजधानीचं नाव जंतूला चिकटणं कुणालाही आवडणार नाही, हे समजण्यासारखं आहे. पण नाव बदलल्यानं ताप उतरत नाही. डॉ. गफूर गप्प बसले नाहीत. २०१२ च्या ऑगस्टमध्ये देशातल्या वैद्यकीय संघटना चेन्नईत एकत्र आल्या, त्यात त्यांचा पुढाकार होता. मोठ्या आदर्शांपेक्षा आपल्या देशात जमेल असा कार्यक्रम त्यांनी मांडला. तो ‘चेन्नई जाहीरनामा’ म्हणून जगभर ओळखला जातो.

१ मार्च २०१४ पासून औषधांची ‘एच-१’ ही यादी अमलात आली. त्या यादीत ४६ औषधं होती. ती विकताना दुकानदारानं डॉक्टरांचं, रुग्णाचं आणि औषधाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम झाला. अम्मीच्या डब्यातली एक पट्टी सेफिक्सिमची होती. ती याच यादीतली. नातवाच्या हाती ती चिठ्ठीशिवाय कशी आली, हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा तसा आपणही आपल्याला विचारायचा.

दुसरीकडे काय करतात

डेन्मार्कनं १९९५ मध्ये माणसं, जनावरं आणि अन्न या तिन्हींतल्या जंतूंवर एकत्र पाळत ठेवायला सुरुवात केली. जनावरांना दिलेल्या औषधाचा परिणाम ताटापर्यंत येतो, हे त्यांनी लवकर ओळखलं. युरोपातल्या देशांनी १९९८ पासून आपापल्या रुग्णालयांतले आकडे एकत्र आणायला सुरुवात केली. त्यामुळे कोणत्या देशात कोणता जंतू किती हट्टी, हे शेजाऱ्यालाही दिसू लागलं. नेदरलँड्समध्ये परदेशी रुग्णालयातून आलेल्या रुग्णाला आधी वेगळ्या खोलीत ठेवतात, तपासतात आणि रिपोर्ट स्वच्छ आला की मगच इतरांमध्ये आणतात.

इंग्लंडचं उदाहरण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. तिथे रुग्णालयांत एमआरएसए नावाचा जंतू माजला होता. २००१ मध्ये सरकारनं सक्ती केली की, प्रत्येक रुग्णालयानं रक्तातल्या एमआरएसएच्या घटना मोजून कळवायच्या. पुढे २००४ मध्ये त्या निम्म्यावर आणायचं ठरलं आणि २००८ पर्यंत ते साधलं. त्यात हात धुणं होतं, सलाईनच्या नळ्यांची काळजी होती, स्वच्छता होती. नवी जादूची गोळी नव्हती. मोजायला लागल्यावर कुणाला तरी उत्तर द्यावं लागलं आणि उत्तर द्यावं लागल्यावर हात धुतले गेले.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये ‘ग्लास’ नावाची जगव्यापी नोंदव्यवस्था सुरू केली. २०१६ मध्ये २५ देश आकडे पाठवत होते, २०२३ मध्ये १०४. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या अहवालात म्हटलं आहे की, २०२३ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या दर सहा संसर्गांपैकी एकातला जंतू औषधाला दाद देत नव्हता. आपला भारत ज्या दक्षिण-पूर्व आशियात मोडतो तिथे आणि पाकिस्तानपासून अरब देशांपर्यंतच्या पट्ट्यात हे प्रमाण तीनांत एक आहे. २०१९ या एका वर्षात अशा जंतूंनी जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसांचा थेट बळी घेतला, असा संशोधकांचा हिशेब आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच विषयावरची मंत्र्यांची जागतिक परिषद सौदी अरबस्तानात जिद्दा इथे भरली होती.

जिद्दा म्हटलं की आपल्याला हाजी लोक आठवतात. फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या संशोधकांनी तिथल्या यात्रेकरूंची हजला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणी केली, तेव्हा काहींच्या आतड्यांत परतताना दाद न देणारे नवे जंतू आढळले. यात घाबरण्यासारखं काही नाही. जंतू आतड्यात असणं म्हणजे आजार नव्हे, आणि जिथे जगभरातले लाखो लोक एकत्र येतात तिथे जंतूंचीही देवाणघेवाण होणारच. पण त्यातून दोन गोष्टी शिकता येतात. सफरीच्या बॅगेत ‘असू द्यावं’ म्हणून ठेवलेली अँटिबायोटिकची पट्टी साध्या खोकल्या-सर्दीवर उघडू नये. आणि हज, उमरा किंवा आखातातल्या नोकरीच्या काळात कुणी दवाखान्यात दाखल झालं असेल, तर परत आल्यावर इथल्या डॉक्टरांना ते आठवणीनं सांगावं.

पालीतली ती मुलं

पालीतच ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था आहे. दत्ता आणि संध्या बारगजे हे दाम्पत्य तिथे एचआयव्हीबाधित मुलांना आई-बापाच्या मायेनं वाढवतं. लहानपणी आम्हाला ते गाव फक्त तलावासाठी माहीत होतं, आता लोक या मुलांसाठीही त्याचं नाव घेतात. अम्मी बरी होऊन घरी आल्यावर मला त्या मुलांची आठवण झाली. एचआयव्हीनं शरीराची ताकद पोखरलेली असते. तुम्हा-आम्हाला चार दिवसांत सोडून जाणारा संसर्ग अशा मुलाला आडवा करू शकतो. त्याच्यासाठी वेळेवर लागू पडणारं अँटिबायोटिक म्हणजे जिवाचा आधार.

जंतूला गावाची वेस माहीत नसते. आपण डब्यातली पट्टी अर्धवट खाऊन जे जंतू हट्टी करतो, ते हातावरून, पाण्यावरून, दवाखान्याच्या पलंगावरून दुसऱ्याकडे जातात. आपली चूक आपल्यापुरती राहत नाही. शेजाऱ्याचा हक्क आपण मानतो. मग त्याच्या आजारपणात औषध लागू पडावं, हाही त्याचा हक्कच नाही का?

घरात काय करता येईल

मी डॉक्टर नाही. अम्मीच्या आजारात जे शिकले, आणि डॉक्टरांनी जे परत परत सांगितलं, तेवढंच लिहिते.

सर्दी, पडसं, बहुतेक खोकले हे विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. ‘जरा स्ट्राँग द्या’ असं डॉक्टरांना आपणच म्हणतो, ते म्हणू नये.

पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. शेजारणीला गुण आला म्हणून तर मुळीच नाही. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्यायचं. मधेच बरं वाटलं तर बंद करण्याचा निर्णय आपला नाही, त्यांना विचारायचं. पट्ट्या उरल्याच तर डबा भरायचा नाही.

लघवीचा त्रास वारंवार होत असेल, ताप हटत नसेल, तर ‘कल्चर करायचं का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा. नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावा, नाहीतर जंतू ताटलीवर नीट उगवत नाहीत. पैसे लागतात हे खरं. पण अम्मीच्या तीन वेळच्या गोळ्या, दोन दिवसांचं चुकलेलं इंजेक्शन आणि दवाखान्याचं बिल यांच्यापुढे त्या एका तपासणीचा खर्च काहीच नव्हता.

रिपोर्ट फेकू नका. पुढच्या वेळी अंदाज बांधताना डॉक्टर आधी तोच मागतील.

हात साबणानं धुवा. वजूची सवय असलेल्या घरांना पाण्याची स्वच्छता शिकवायला नको, पण स्वयंपाकापूर्वी, शौचानंतर आणि रुग्णाला भेटण्याआधी व नंतर साबण लागतोच. कोंबडी कापलेली सुरी आणि पाट गरम पाण्यानं आणि साबणानं धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नका. मांस पूर्ण शिजलं की त्यातले जंतू मरतात, पाटावरचे मात्र तसेच राहतात.

आणि घरातल्या बायांनी लाज सोडावी. अम्मी पहिल्याच आठवड्यात भाभीला एक शब्द बोलली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं. लाजेचा हा आजार जंतूपेक्षा जुना आहे, आणि त्यावर दवा आपल्याच हातात आहे.

शिफा देणारा अल्लाह आहे. दवा शहाणपणानं वापरणं हे आपलं काम.

अम्मी आता बरी आहे. तो रिपोर्ट रेशनकार्डाच्या आणि वीजबिलाच्या फाइलमध्ये लावून ठेवला आहे. गेल्या महिन्यात नातवाला खोकला झाला, तेव्हा भाईजान सवयीनं मेडिकलकडे निघाला. अम्मीनं दारातूनच हाक मारली आणि विचारलं, ‘‘चिट्ठी है क्या?’’